त्यांची चिठ्ठी, आमचं चार्टर विमान

२०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर दोन पुढारी गडगडले. एक लंडनचा, दुसरे वांद्र्याचे. ६ जूनला पंतप्रधान बोरिस जॉन्सनवर त्याच्याच खासदारांनी अविश्वासाचं मतदान लावलं. २११ विरुद्ध १४८ अशा मतांनी तो तरला, पण ७ जुलैला दहा नंबरच्या दाराबाहेर उभं राहून ‘जातो’ म्हणाला. मधल्या काळात, २० जूनच्या रात्री, विधान परिषदेची मतमोजणी संपते न संपते तोच ठाण्याचे एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले होते. २९ ला उद्धव ठाकरे फेसबुकवरून पायउतार झाले, ३० ला शिंदे मुख्यमंत्री. लंडनला महिना लागला, ठाण्याने दहा दिवसांत उरकलं. आणि म्हणे आपल्याकडे कामं वेळेत होत नाहीत! कल्याणच्या पत्री पुलाला २०१८ पासून २०२१ उजाडलं हे खरं, पण पूल बांधणं वेगळं आणि सरकार पाडणं वेगळं. दुसऱ्या कामाला ठेकेदार चांगले मिळतात.

(जॉन्सन ‘तो’ आणि आपले सगळे ‘ते’, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. दीडशे वर्षं साहेबाला अहोजाहो केल्यावर एवढी वसुली चालते.)

ब्रिटनमधल्या हुजूर पक्षात नेता बदलायची रीत साधी आहे. ‘१९२२ समिती’ नावाची खासदारांची एक समिती आहे. नावात १९२२, जन्म १९२३ चा. तिथपासूनच राजकारण सुरू होतं. ज्या खासदाराला नेता नकोसा झाला त्याने समितीच्या अध्यक्षाला एक पत्र लिहायचं. तेव्हाच्या नियमाने १५ टक्के खासदारांची पत्रं जमली, म्हणजे ३५९ पैकी ५४, की मतदान लागायचं. पत्रं किती आली, कुणाकुणाची आली, हे तेव्हाचे अध्यक्ष सर ग्रॅहम ब्रेडी यांनी कुणाला सांगायचं नाही. ‘माझा साहेबांवर पूर्ण विश्वास आहे’ असं टीव्हीवर सांगायचं आणि खिशातून पाकीट काढून ब्रेडींच्या हाती द्यायचं, ही तिकडची निष्ठा.

मतदान जिंकलं की नियमाने वर्षभर अभय. पण नियम एक आणि वारं दुसरं. थेरेसा मे डिसेंबर २०१८ मध्ये २००-११७ अशी जिंकली आणि पुढच्या मे महिन्यात रडवेल्या आवाजात गेली. जॉन्सनला तर हे अभय जेमतेम महिनाभर पुरलं. ५ जुलैच्या संध्याकाळी आरोग्यमंत्री आणि अर्थमंत्री यांचे राजीनामे काही मिनिटांच्या अंतराने पडले, आणि मग दोन दिवसांत पन्नासहून अधिक मंत्री-उपमंत्री-सहायक रांगेने बाहेर. अर्थमंत्र्याचं नाव ऋषी सुनक. पुढे काय झालं ते नारायण मूर्तींच्या जावयाचं कौतुक करताना आपल्या सगळ्या वाहिन्यांनी सांगितलंच आहे.

थॅचरबाईंची कथा तर आपल्याकडे कुणाला सांगू नये, हसतील. १९९० च्या नोव्हेंबरात बाईंना २०४ मतं, आव्हान देणाऱ्या हेसेल्टाइनला १५२. साडेअकरा वर्षं पंतप्रधान असलेली बाई ५२ मतांनी पुढे होती. पण नियमाप्रमाणे जी आघाडी हवी होती त्यात चार मतं कमी पडली. मंत्री एकेक करून खोलीत गेले, ‘मॅडम, मी तुमच्याबरोबरच आहे, पण तुम्ही निवडून येणार नाही’ अशा आशयाचं बोलले, आणि दोन दिवसांत बाई गेली. चार मतं! आपल्याकडे चार मतं कमी पडली तर संध्याकाळपर्यंत चार अपक्ष गोळा करून रात्री जेवण झालं असतं.

हे वाचून डोंबिवलीतला सुजाण वाचक लगेच म्हणेल, बघा, कशी प्रगल्भ लोकशाही. थांबा. प्रगल्भ वगैरे काही नाही. पाठीत सुरा तिथेही खुपसतात. फरक एवढाच, की सुरा खुपसायला पक्षातच अधिकृत खिडकी ठेवली आहे, कामकाजाची वेळ वगैरे ठरवून. त्यामुळे पुढारी बदलतो, पक्ष जागेवर राहतो. गेलेला पुढारी मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि आत्मचरित्र लिहितो.

आता आपल्याकडे या. शिवसेनेत नेता नकोसा झाला तर पत्र कुणाला लिहायचं? पक्षप्रमुखांना. पक्षप्रमुखांबद्दलची तक्रार? तीही पक्षप्रमुखांनाच. २००३ मध्ये महाबळेश्वरला उद्धव कार्याध्यक्ष झाले, ठराव मांडला राज ठाकरे यांनी. २०१३ मध्ये पक्षप्रमुख. २०१८ मध्ये घटनेत बदल. या सगळ्या प्रवासात मतपेटी नावाची वस्तू कुठे दिसली असेल तर ती कुणी चुकून मागच्या खोलीत ठेवली असणार. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये याच २०१८ च्या घटनेला लोकशाहीविरोधी म्हटलं. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ च्या निकालात १९९९ ची घटना प्रमाण धरली. गंमत अशी, की १९९९ ते २०२२ या काळात या घटनेची आठवण एकाही शिवसैनिकाला झाली नाही, शिंद्यांनाही नाही. तेवीस वर्षं सगळे एकमुखाने ‘आदेश’ या एकाच कलमावर पक्ष चालवत होते.

म्हणून शिंदे सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. घरात दारच ठेवलं नाही तर माणूस भिंत फोडून बाहेर पडतो. मग त्या भगदाडातून शेजारीही येजा करू लागतो, पण ते पुढे.

भगदाड कायदेशीर ठरवायचं कसं, हा खरा ठाणेरी डाव. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात आधी एक तृतीयांश फुटले तर चालत असे. २००३ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, उरलं फक्त दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. शिंद्यांनी विलीनीकरण केलंच नाही. ते म्हणाले, आम्ही कुठे फुटलो? आम्हीच शिवसेना. ५५ पैकी ४० आमदार विमानात, मग पक्षही विमानात. प्रतोद कोण, उद्धव यांचे सुनील प्रभू की शिंद्यांचे भरत गोगावले? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं, गोगावलेंना अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. आठ महिन्यांनी अध्यक्षांनी कागदपत्रं नव्याने तपासली आणि गोगावलेच बरोबर निघाले. ब्रिटनमध्ये प्रतोद खासदारांवर नजर ठेवतो. आपल्याकडे आधी प्रतोदावर नजर ठेवायला दुसरा प्रतोद लागतो.

इथे एक इंग्रजी किस्सा अगदी चपखल बसतो. तो ठाण्याच्या वकिलांनी तोंडपाठ करावा. २८ जून २०१६. मजूर पक्षाच्या खासदारांनी आपल्याच नेत्यावर, जेरेमी कॉर्बिनवर, अविश्वास दाखवला. १७२ विरुद्ध ४०. म्हणजे पक्षाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश खासदारांनी सांगितलं, बाबा, जा. कॉर्बिन म्हणाला, मला तुम्ही निवडलेलं नाही, सदस्यांनी निवडलंय. पुन्हा सदस्यांचं मतदान झालं आणि सप्टेंबरमध्ये जवळपास ६२ टक्के मतांनी पुन्हा कॉर्बिनच. १७२ खासदार तोंडं पाडून त्याच्याच मागे बसले.

आता हाच खटला दिल्लीत निर्वाचन सदनात चालला असता तर? आयोगाने शिवसेनेच्या बाबतीत मोजलं काय? शिंद्यांबरोबरच्या ४० आमदारांना पडलेली मतं. निवडून आलेल्या सेना आमदारांच्या एकूण मतांपैकी ती सुमारे ७६ टक्के भरली. निकाल लागला: नाव शिंद्यांचं, धनुष्यबाण शिंद्यांचा. तीच फूटपट्टी २०१६ मध्ये लंडनला लावली असती तर मजूर पक्ष हे नाव आणि लाल गुलाब त्या १७२ जणांच्या पदरात, आणि कॉर्बिनला उद्धव यांच्यासारखी मशाल. बिचारा सायकलवरून हिंडणारा माणूस, मशाल धरणार कुठल्या हाताने?

उलटही करून पाहा. शिवसेनेत २०२२ मध्ये सदस्यांचं मतदान झालं असतं तर? टेंभी नाक्यावर मतपेटी, डोंबिवलीच्या मध्यवर्ती शाखेत मतपेटी, कोकणात, संभाजीनगरात मतपेटी. कोण जिंकलं असतं? दोन्हीकडचे छातीवर हात मारून ‘आम्ही’ म्हणतात. मतदारांनी उत्तर दिलं तेही धड दिलं नाही. २०२४ च्या लोकसभेत उद्धवसेनेला ९, शिंदेसेनेला ७. पाच महिन्यांनी विधानसभेत शिंदेसेनेला ५७ आणि उद्धवसेनेला २०. ठाणे आणि कल्याण या दोन लोकसभा जागा मात्र दोन्ही शिंद्यांच्या. नरेश म्हस्के एकीकडे, चिरंजीव श्रीकांत दुसरीकडे.

फुटून निघायची इंग्रजी रीतही आपल्याकडे एकाने करून पाहिली. जानेवारी १९८१ मध्ये मजूर पक्षाचे चार मातब्बर, रॉय जेनकिन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स, लाइमहाऊसला ओवेनच्या घरी जमले, जाहीरनामा काढला आणि नवा पक्ष काढला. जुन्या पक्षाच्या नावावर दावा नाही, कचेरीवर कब्जा नाही. १९८३ मध्ये उदारमतवाद्यांशी युती करून चौथा हिस्सा मतं मिळवली, जागा किती, २३. तेच राज ठाकरे यांनी केलं. मार्च २००६, नवा पक्ष मनसे, नवा झेंडा, नवं इंजिन. २००९ मध्ये १३ आमदार, त्यात कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीण हे दोन आपल्याच पट्ट्यातले. पुढे २०१४ ला एक, २०१९ ला एक, तोही कल्याण ग्रामीणचा राजू पाटील, आणि २०२४ ला शून्य. सभ्यपणे फुटण्याचे दर हे असे. शिंद्यांनी हिशेब केला नसेल असं कोण म्हणेल? नवीन पाटी रंगवण्यापेक्षा जुनी पाटी उतरवून आणणं स्वस्त.

आणि पाटीबरोबर शाखाही. ब्रिटिश खासदार शुक्रवारी-शनिवारी मतदारसंघात बसतो, लोक गाऱ्हाणी घेऊन येतात. आपल्याकडे शाखा रोज संध्याकाळी भरते. शाळेचा प्रवेश, रुग्णालयातली खाट, टँकर, भाडेकरूचं भांडण, पोलीस ठाण्यातून सोडवणं. पक्ष म्हणजे ही खोली: एक टेबल, मागे बाळासाहेब, शेजारी दिघेसाहेब, कोपऱ्यात लेटरहेडचा गठ्ठा. म्हणून २०२२ च्या ऑगस्टात डोंबिवलीच्या शाखेत राडा झाला तो धोरणावरून नाही, भिंतीवर कुणाचा फोटो लावायचा यावरून. मुंब्र्याच्या शाखेवर बुलडोझर फिरला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उद्धव स्वतः मुंब्र्यात पोहोचले. ब्रिटनमध्ये मागचं शतकभर कुठल्या पक्षाच्या कचेरीसाठी इतकी हाणामारी झाली असेल असं वाटत नाही. तिथल्या कचेऱ्यांत प्रवेशाची चिठ्ठी मिळत नाही, हे कारण असेल.

साहेबाच्या पद्धतीवर फार भाळायचंही कारण नाही. त्यांनी शेवटचा शब्द साध्या सदस्यांच्या हाती दिला आणि २०२२ च्या सप्टेंबरात काय केलं? खासदारांच्या मतदानात सुनक पुढे होता. पक्षाच्या सदस्यांनी लिझ ट्रसला ८१,३२६ मतं दिली, सुनकला ६०,३९९. देशाचा पंतप्रधान निवडला एक लाख बेचाळीस हजारांच्या आसपास माणसांनी. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्याच साडेबारा लाखांच्या घरात होती. म्हणजे एकट्या डोंबिवलीने मनावर घेतलं असतं तर पंतप्रधान करून दिला असता आणि वर सत्काराला फडके रोड बंद ठेवला असता. ट्रसबाई ४९ दिवस टिकली. एका वृत्तपत्राने कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा गड्डा ठेवून विचारलं होतं, आधी कोण सुकतं? लेट्यूस जिंकलं. त्यानंतर सदस्यांना न विचारताच सुनकला बसवलं.

बंद दाराआडचे शब्द ही दोन्ही देशांची समाईक इस्टेट. १९९४ च्या मे महिन्यात मजूर पक्षाचा नेता जॉन स्मिथ वारला. महिनाअखेरीस इस्लिंग्टनच्या ग्रॅनिटा नावाच्या उपाहारगृहात टोनी ब्लेअर आणि गॉर्डन ब्राऊन जेवायला बसले. ब्राऊनने माघार घ्यायची असं ठरलं. बदल्यात ब्लेअर कधीतरी पायउतार होणार, असं ब्राऊनच्या गोटाने कायम सांगितलं आणि ब्लेअरच्या गोटाने कायम नाकारलं. ओळखीचं वाटतंय ना? फेब्रुवारी २०१९, मातोश्री, अमित शहा आणि उद्धव, बंद खोली, मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं की नाही. ब्राऊनने तेरा वर्षं दात खाल्ले पण पक्ष सोडला नाही. जून २००७ मध्ये खुर्ची मिळाली तेव्हा तिची चव गेली होती. इकडे ऑक्टोबरअखेर निकाल आणि नोव्हेंबरअखेर शिवाजी पार्कवर शपथविधी, तोही शरद पवारांच्या साक्षीने. ब्रिटिशांनी ग्रॅनिटावर नऊ वर्षांनी टीव्हीसाठी चित्रपट केला. आपण वेळ दवडत नाही. आनंद दिघ्यांवरचा ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ ला झळकला, बंडाच्या सव्वा महिना आधी. त्यांचा सिनेमा घटनेनंतर, आपला घटनेच्या आधी.

ठाण्याला सत्तेची चटक शिवसेनेनेच लावली, हे विसरून चालणार नाही. पक्ष १९६६ चा, आणि वर्षभरात, १९६७ ला, ठाणे नगरपालिकेत सत्ता. नगराध्यक्ष वसंतराव मराठे. मुंबईच्या आधी ठाणे. पुढे आनंद दिघ्यांनी जिल्हाप्रमुख या पदाचं काय करून दाखवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ना आमदार, ना खासदार, ना महापौर. टेंभी नाक्यावर रात्री उशिरापर्यंत दरबार, आणि अख्खा जिल्हा त्या दरबारात. दिघे त्या एका पदाच्या आत राहूनच मोठे झाले. १९८९ च्या महापौर निवडणुकीत सेनेची मतं फुटली, मग नगरसेवक श्रीधर खोपकर यांची हत्या झाली आणि दिघ्यांना टाडाखाली अटक झाली. हा विषय तिरकस लिहिण्याचा नाही, म्हणून पुढे जातो. एवढंच नोंदवतो, की ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडला तर प्रतोदाच्या वहीत नाव जातं.

शिंद्यांचा राजकीय वर्ग याच शाळेतला. १९९७ ला नगरसेवक, २००१ ला सभागृह नेता, २००४ ला आमदार. मुंबईचा आदेश शिरसावंद्य, पण जिल्ह्यातलं माणूस न् माणूस आपलं. २०१७ मध्ये ठाणे महापालिकेत १३१ पैकी ६७ जागा आल्या, तेव्हा दादरला वाटलं पक्ष जिंकला. ठाण्यात ज्याला समजायचं त्याला समजलं, कोण जिंकलं.

ज्याला पक्षातली उतरंड समजून घ्यायची त्याने इकडे घटना, ठराव असलं काही वाचू नये. फ्लेक्स वाचावा. मानपाडा रोडवरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात उभं राहिलं की राज्यशास्त्राची पदवी मिळते. संगणकासमोर पोरगा, मागे कार्यकर्ता उभा.

‘साहेबांचा फोटो जरा मोठा घे.’

‘मग खासदारसाहेबांचा कापावा लागेल, दादा.’

‘वेडा आहेस का? खासदारांचा नको. त्या तिसऱ्या रांगेतल्यांना बारीक कर.’

‘ते शहरप्रमुख आहेत.’

‘होते. आणि भाजपवाल्यांचे किती?’

‘मोदीजी, अमितभाई, देवेंद्रजी. आणि ते आपल्या डोंबिवलीचे, प्रदेशाध्यक्ष.’

कार्यकर्ता थोडा वेळ गप्प. मग म्हणतो, ‘प्रदेशाध्यक्ष ठेव. पण खाली. आणि नाव टाकू नकोस, लोकांना माहीत आहे.’

वरच्या पट्टीत डावीकडे बाळासाहेब, उजवीकडे दिघे. ती दोघं हलत नाहीत, कारण ती तक्रार करत नाहीत. बाकी सगळी पट्टी दर सणाला हलते. होळीला दुसऱ्या रांगेत असलेला माणूस दसऱ्याला चौथ्या रांगेत गेला, की समजावं याचं तिकीट गेलं. आणि फ्लेक्सवर नसलाच, तर तो उद्या दुसऱ्याच फ्लेक्सवर असणार. लंडनच्या पत्रकारांना मंत्रिमंडळाच्या बैठकीला कोण कुठल्या खुर्चीवर बसलं यावरून तर्क लढवावे लागतात. आपल्याकडे सगळं वीस बाय दहाच्या आकारात, विजेच्या खांबाला बांधून जाहीर.

आता त्या भगदाडाकडे. त्यासाठी ५७ हा आकडा लक्षात ठेवा. मे २०१० मध्ये ब्रिटनमध्ये कुणालाच बहुमत नव्हतं. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या निक क्लेगकडे ५७ खासदार होते. दहा नंबरच्या बागेत हुजूर पक्षाचा डेव्हिड कॅमेरॉन आणि क्लेग हसत उभे राहिले, कॅमेरॉन पंतप्रधान आणि क्लेग उपपंतप्रधान झाला. हा पक्ष वाढला होता तो खड्डे, दिवे, कचरा या विषयांवर, दारोदार पत्रकं टाकून, नगरपालिका एकेक करून जिंकत. थोडक्यात, त्यांच्या शाखा होत्या. सत्तेत गेल्यावर त्या शाखांतले नगरसेवक दर मे महिन्यात शेकड्याने पडत गेले. शिक्षणशुल्काचं वचन मोडल्याचं पाप क्लेगच्या माथी, अर्थव्यवस्था सुधारल्याचं पुण्य कॅमेरॉनच्या खाती. २०१५ ला ५७ चे राहिले ८. आणि कॅमेरॉनला एकट्याला बहुमत. क्लेगने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. पुढे तो फेसबुकमध्ये नोकरीला लागला. आपल्याकडे मुख्यमंत्री फेसबुकवरून गेले, तिकडे उपपंतप्रधान फेसबुककडे गेला.

नोव्हेंबर २०२४. भाजप १३२, शिंदेसेना ५७. मुख्यमंत्रिपदी देवेंद्र फडणवीस, शिंदे उपमुख्यमंत्री. ‘होतो-नाही’ चालू असताना शिंदे साताऱ्याच्या दरे गावी जाऊन आले. ब्रिटनमध्ये रागावलेल्या नेत्याला जायला गावाकडची शेती नसते, ही तिथल्या लोकशाहीतली मोठी उणीव.

बरं, हा १३२ वाला शेजारी राहतो कुठे? डोंबिवलीत. रवींद्र चव्हाण इथले चार वेळचे आमदार, जुलै २०२५ पासून भाजपचे प्रदेशाध्यक्ष. आणि कल्याण लोकसभा श्रीकांत शिंद्यांची. एका लोकलच्या एका डब्यात दोघांचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून उभे. कुणाचा हात कुणाच्या खिशात, हे ठाणे येईपर्यंत कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कळलं. शिंदेसेनेची माणसं भाजपने आत घेतली, तीही ऐन महापालिका निवडणुकीच्या तोंडावर. १८ तारखेच्या मंत्रिमंडळ बैठकीला शिंदे गेले, त्यांचे मंत्री गेले नाहीत. फडणवीसांनी विचारलं, सुरुवात उल्हासनगरात कुणी केली? दुसऱ्या दिवशी शिंदे दिल्लीत, शहांच्या दारात. ‘माझे लोक पळवतात’ ही तक्रार घेऊन. हे लिहिताना हात थोडा थरथरतो, पण काय करणार, ४० माणसं विमानाने नेलेला गृहस्थ.

भाजपवाल्यांनाही दोष देता येत नाही. त्यांचा हिशेब १९९६ पासूनचा आहे. ठाणे लोकसभा रामभाऊ म्हाळगींची, मग राम कापसे सरांची. विद्यमान खासदार कापसे घरी बसले आणि युतीत ती जागा शिवसेनेने घेतली, प्रकाश परांजपे दिल्लीला गेले. डोंबिवलीच्या संघाच्या शाखेत गणवेश बदलला, पँट अर्धीची पूर्ण झाली, पण ही जागा कुणी विसरलं नाही. तीस वर्षं व्याज धरून वसुली चालू आहे. क्लेगला असा शेजार मिळाला असता तर आठही उरले नसते.

शिंद्यांकडे क्लेगपेक्षा एक गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे जिल्हा. क्लेगचे खासदार देशभर विखुरलेले होते, एका जिल्ह्यात एकवटलेले नव्हते. ठाण्यात महापालिका आहे, आणि महापालिकेत टेंडर आहे. म्हणून जानेवारी २०२६ ची कल्याण-डोंबिवलीची निवडणूक मुंबईच्या तोडीची झाली. महायुती म्हणून एकत्र लढले, आणि निकाल लागला तो असा की शिंदेसेना आणि भाजप जवळजवळ बरोबरीत, दोघांत थोडक्या जागांचा फरक. मित्रपक्षात असा निकाल लागला की पहिला हार एकमेकांना घालतात आणि दुसरा फोन तिसऱ्याला करतात.

तिसरा कोण? मनसे. उद्धवसेनेशी युती करून, मराठीसाठी, दोन भावांच्या मनोमीलनाच्या जोरावर निवडून आलेले ५ नगरसेवक. निकालानंतर आठवडा उलटला नाही तोच या पाचांनी पाठिंबा दिला, कुणाला, शिंदेसेनेला. ज्यांच्याविरुद्ध महिनाभर गळा काढला त्यांनाच. कारण विचारलं तर, शहराचा विकास.

ब्रिटनमध्येही नगरसेवक नगरसेवकच असतात. मे २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन महापालिकेत मजूर पक्षाच्या नऊ नगरसेवकांनी हुजुरांशी हातमिळवणी करून सत्ता घेतली. पक्षाने नऊच्या नऊ जणांना निलंबित केलं. विकास, स्थैर्य, शहराचं हित, सगळं सांगून झालं. कुणी ऐकलं नाही. त्या नऊजणांनी आधी एकदा कल्याणला येऊन जायला हवं होतं.